ढगात शिरणाऱ्यांचा गुरू

१९२६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रिसी फील्ड या लष्करी विमानतळावर एक अनुभवी वैमानिक वैद्यकीय तपासणीसाठी आला. नाव विल्यम ऑकर, हुद्दा मेजर, वय पंचेचाळिशी ओलांडलेले. साधा शिपाई म्हणून तो अमेरिकी सैन्यात भरती झाला होता. स्पेनशी झालेले युद्ध आणि फिलिपाइन्समधली लढाई त्याने पाहिली होती. १९१४ साली सॅन डिएगोत तो विमान उडवायला शिकला. अधिकारी नसताना लष्करी वैमानिक झालेला तो अमेरिकेतला केवळ तिसरा माणूस. अशा माणसाची तपासणी म्हणजे निव्वळ उपचार, असे कुणालाही वाटले असते.

तपासणारे डॉक्टर होते कॅप्टन डेव्हिड मायर्स. त्यांनी ऑकरला डोळे मिटायला सांगून एका फिरत्या खुर्चीत बसवले. ही खुर्ची व्हिएन्नाचे कानतज्ज्ञ रॉबर्ट बारानी यांच्या नावाने ओळखली जाते. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवावरील कामासाठी बारानींना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मायर्सनी खुर्ची हळूच फिरवली आणि कोणत्या दिशेला फिरतो आहेस, असे विचारले. ऑकरने बरोबर सांगितले. थोड्या वेळाने पुन्हा विचारले, तेव्हा खुर्ची थांबली आहे, असे तो म्हणाला. ती फिरतच होती. मग डॉक्टरांनी ती खरोखर थांबवली, तर ऑकरला आपण उलट्या दिशेने फिरतो आहोत असे वाटू लागले. मुरलेला वैमानिक साध्या खुर्चीत पुरता फसला होता.

यात त्याच्या कानाचा काही दोष नव्हता. निरोगी कान असाच वागतो. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो आणि त्या द्रवाच्या वाटेत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. डोके फिरू लागले की नलिका फिरते, द्रव मागे राहतो, केस वाकतात आणि मेंदूला फिरण्याची खबर जाते. पण एकाच वेगाने पंधरा-वीस सेकंद फिरत राहिले की द्रवही तोच वेग पकडतो. केस पुन्हा सरळ उभे राहतात आणि मेंदूला वाटते, थांबलो. नंतर शरीर थांबले तरी द्रव पुढे वाहतो, केस विरुद्ध बाजूला झुकतात आणि जग उलटे फिरू लागते. फुगडी थांबल्यावर अंगण फिरते ते यामुळेच. आणि फिरण्याची सुरुवातच अगदी सावकाश झाली, तर कानाला ते मुळात कळतच नाही.

जमिनीवर हे खपून जाते, कारण तोल सांभाळण्याचे काम कान एकटा करत नाही. डोळे असतात, शिवाय तळपाय, सांधे आणि स्नायू खबरी देत असतात. यातले दोन साथीदार गेले की काय होते, हे बऱ्याच घरांत पाहायला मिळते. जुना मधुमेह, तळपाय बधिर, आणि रात्री दिवा न लावता मोरीकडे निघालेले आजोबा. पाय सांगत नाहीत, डोळ्यांना दिसत नाही, उरला एकटा कान. खुब्याची हाडे मोडतात ती अशा वेळी. रात्रभर जळणारा एक लहान दिवा पुष्कळ औषधांपेक्षा स्वस्त पडतो.

ढगात शिरलेल्या वैमानिकाचे तसेच होते. क्षितिज दिसेनासे होते. एक पंख सावकाश खाली जातो, ते कानाला कळत नाही. विमान वळू लागते, नाक खाली जाते. वळणातला जोर शरीराला बैठकीत सरळ खाली दाबत असल्यामुळे आपण अगदी सपाट उडतो आहोत अशी वैमानिकाची खात्री असते. उंची कमी होताना दिसली की तो नाक वर ओढतो. त्याने वळण आणखी आवळते आणि विमान चक्राकार घसरत जमिनीकडे जाते.

ऑकरला हे सगळे पाहून आठ वर्षांपूर्वीचा प्रसंग आठवला. १९१८ मध्ये एल्मर स्पेरी यांनी तयार केलेले, विमान कोणत्या बाजूला वळते आहे ते दाखवणारे नवे यंत्र चाचणीसाठी त्याच्याकडे आले होते. ते घेऊन तो ढगात शिरला आणि घसरत खाली बाहेर पडला. यंत्र वळण दाखवत होते, शरीर सांगत होते की विमान सरळ आहे. त्याने यंत्राला खोटे ठरवले होते. आता खुर्चीत बसल्यावर त्याला उमगले, की यंत्र बरोबर होते.

तो मायर्सकडे परत गेला तो एक पेटी घेऊन. पेटीत तेच वळणदर्शक यंत्र, एक छोटा दिवा आणि आत पाहायला झरोका. चेहरा पेटीला लावून तो खुर्चीत बसला आणि फक्त काट्याकडे पाहून उत्तरे देत गेला. खुर्ची कशीही फिरवली तरी एकही उत्तर चुकले नाही.

तपासणीत फजिती झालेला माणूस सहसा ती गोष्ट चारचौघांत काढत नाही. ऑकरने मात्र त्या फजितीचाच धडा केला. टेक्सासमधल्या ब्रूक्स फील्ड या लष्करी उड्डाण शाळेत त्याने तरुणांना त्या खुर्चीत बसवले आणि प्रत्येकाला स्वतःच्या अंगावर फसू दिले. मोठमोठी व्याख्याने देऊन जे पटले नसते, ते काही मिनिटांच्या गिरकीत पटत असे. पाखरांना तरी अंधारात तोल कळतो का, हे पाहण्यासाठी त्याने डोळे झाकलेली कबुतरे विमानातून सोडली. ती उडाली नाहीत. पंख पसरून नुसती खाली उतरत गेली.

त्याला सर्वांत जवळचा शिष्य मिळाला तो कार्ल क्रेन. या तरुण अधिकाऱ्याने १९२५ मध्ये डेट्रॉइटजवळ ढगात विमानावरचा ताबा गमावला होता. विमान नदीच्या पाण्याला लागता लागता सावरले. आपले काय चुकले हे त्याला कुणी सांगू शकत नव्हते. ते ऑकरने सांगितले. पुढे दोघांनी मिळून काम केले. १९३० मध्ये ऑकरने ब्रूक्स फील्डपासून इलिनॉयमधल्या स्कॉट फील्डपर्यंतचे सुमारे १,४५० किलोमीटरचे अंतर झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेर न पाहता पार केले. लक्ष ठेवायला क्रेन बरोबर होता. १९३२ मध्ये दोघांचे या विषयावरचे पुस्तक आले.

वरिष्ठांना मात्र हे रुचत नव्हते. खऱ्या वैमानिकाला विमान अंगाने कळते, काटे पाहून उडवणे हे कच्च्या माणसाचे काम, हा त्या काळचा अभिमान होता. कुशल हातांचा असा अभिमान वैद्यकातही कमी नाही. ऑकरचे डोके ठिकाणावर आहे ना, हे पाहण्यासाठी त्याला रुग्णालयात पाठवण्यात आले. पुढे त्याच्यावर लष्करी खटलाही चालला आणि त्यातून तो निर्दोष सुटला. १९३४ मध्ये अमेरिकी सरकारने टपाल वाहण्याचे काम अचानक लष्करी वैमानिकांवर सोपवले. हिवाळा, बर्फ, ढग, आणि बहुतेकांना काट्यांवर उडण्याचा सराव नाही. काही आठवड्यांत सुमारे डझनभर वैमानिक मेले. त्यानंतर हे शिक्षण लष्करात गांभीर्याने घेतले जाऊ लागले.

१९३७ मध्ये शिष्य क्रेनने सहकाऱ्यांसह माणसाचा हात न लावता विमान आपोआप उतरवून दाखवले. ऑकर सप्टेंबर १९४२ मध्ये वारला. तेव्हा महायुद्धासाठी हजारो तरुण काटे वाचून उडायला शिकत होते.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात असे शिक्षण न घेतलेल्या २० जणांना क्षितिज झाकून विमान चालवायला दिले. विसांच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

मुंबईनेही याचे एक भयंकर रूप पाहिले आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जम्बो विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. चौकशीत निघालेला निष्कर्ष असा, की कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज बिघडले होते आणि विमान उजवीकडे कललेले दाखवत होते. कॅप्टनने विमान डावीकडे झुकवले आणि झुकवतच नेले. अनुभवी वैमानिकाच्या शरीराने त्याला सावध केले नाही. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश. कॉकपिटमध्ये आणखी क्षितिजदर्शक होते आणि त्यांच्यातली तफावत लक्षात आली तोवर वेळ उरला नव्हता. एकाच काट्यावर विसंबू नये, दुसऱ्याशी ताडून पाहावे, हे आज प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला घोटवून घेतले जाते.

बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये आपल्या हवाई दलाच्या वैमानिकांना दिशाभ्रमाचा अनुभव देणारे सिम्युलेटर आहे. बंद केबिनमध्ये बसवून त्यांना मुद्दाम फसवले जाते, आणि फसल्यावर समोरच्या काट्यांकडे पाहायला सांगितले जाते.