दादासाहेब तोरणे

रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांचा जन्म १८९० साली झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्यामुळे त्यांना शिक्षण सोडून मुंबईत नोकरी पत्करावी लागली. तेथे परदेशी मूकपट पाहून त्यांच्या मनाने ध्यास घेतला. मातापित्यांच्या सेवेसाठी देवालाही तिष्ठत ठेवणाऱ्या पुंडलिकाचे नाटक त्यांनी पडद्यावर आणले. १८ मे १९१२ रोजी तो मूकपट गिरगावात प्रदर्शित झाला. पुढे पुण्यात ‘सरस्वती सिनेटोन’ स्थापून त्यांनी १९३२ साली ‘श्यामसुंदर’ हा बोलपट काढला. १९६० साली ते निवर्तले.

‘पुंडलिक’ हे नाटकाचेच चित्रण होते, छायाचित्रकार इंग्रज होता व फिल्म लंडनला धुतली गेली. म्हणून पहिलेपणाचा मान १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या फाळके यांच्या चित्रपटास मिळाला. मान कोणासही मिळो. तोरणे यांचे ते धाडसी पाऊल महाराष्ट्राने विसरता कामा नये.