मखमली पडद्यामागचा जमाखर्च

मराठी संगीत रंगभूमीच्या सुवर्णकाळाचे नाव निघाले की पहिल्यांदा डोळ्यांसमोर येते ती बालगंधर्वांची शालू नेसलेली मूर्ती. त्यांच्या गळ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. मात्र नाटक मंडळीचे मालक म्हणून नारायण श्रीपाद राजहंस यांनी जो संसार मांडला, त्याची कहाणी तितकीच विलक्षण आणि अधिक करुण आहे.

२६ जून १८८८ रोजी जन्मलेल्या नारायणरावांना बालगंधर्व हे नाव मिळाले ते लोकमान्य टिळकांच्या कौतुकातून. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि ‘शाकुंतल’पासून स्त्रीभूमिकांची परंपरा त्यांनी उजळून टाकली. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहानगी कन्या निवर्तली. तिकिटे विकली गेली होती, प्रेक्षक खोळंबले होते. शोक गिळून ते भामिनी म्हणून उभे राहिले. व्यवसायाची शिस्त त्यांच्या अंगी किती मुरली होती, याचे याहून मोठे उदाहरण नाही.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. पुढे हे दोघेही भागीदार दूर झाले आणि सारा भार एकट्या नारायणरावांवर आला. ‘स्वयंवर’ (१९१६), ‘एकच प्याला’ (१९१९) अशा नाटकांनी कंपनीची कीर्ती गगनाला भिडली. उंची शालू, अत्तराचा सुगंध, भरजरी पडदे. प्रेक्षकाला जे दाखवायचे ते अस्सलच, हा त्यांचा हट्ट होता. तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष अशी साथ त्यांनी कंपनीत बाळगली. शंभराच्या आसपास माणसे, त्यांचे पगार, भोजन, गावोगावचे मुक्काम आणि सामानाची वाहतूक हा खर्च प्रयोग रंगो वा न रंगो, चुकत नसे.

जाहिरातीची चिंता मात्र कंपनीला फारशी नव्हती. घराघरांतून वाजणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकड्या आणि त्यांच्या लुगड्यांची व केशरचनेची नक्कल करणाऱ्या स्त्रिया हीच त्यांची जाहिरात. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्यासह मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’ तर दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मालकांनी एकत्र येण्याचा अपूर्व प्रसंग ठरला.

पण तिकीटविक्री जोरात असूनही तिजोरी रिकामीच राहिली. ‘द्रौपदी’च्या (१९२०) नेपथ्यावर अमाप पैसा ओतला गेला आणि कर्ज लाखावर गेले. हिशेबाकडे मालकाचे लक्ष नव्हते. खर्चाला नाही म्हणणे त्यांना ठाऊक नव्हते. तरीही दिवाळखोरीचा सोपा मार्ग त्यांनी पत्करला नाही. प्रयोगामागून प्रयोग करून अनेक वर्षांच्या कष्टांनी त्यांनी हे कर्ज फेडले.

त्यानंतरचे संकट मात्र मेहनतीने टळणारे नव्हते. १९३१ साली बोलपट आला आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीतून बोलू लागला. रात्रभर चालणाऱ्या नाटकापेक्षा दोन-तीन तासांचा, स्वस्त तिकिटाचा खेळ प्रेक्षकांनी जवळ केला. बालगंधर्वांनीही ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त (१९३५) संत एकनाथ साकारले, पण समोर प्रेक्षक नसलेला तो कॅमेरा त्यांना मानवला नाही. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. गोहरबाई कर्नाटकी कंपनीत आल्या, तरी गेलेले दिवस परतले नाहीत.

१९५५ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ ची पद्मभूषण ही पदवी आली, तोवर वैभव ओसरले होते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या जन्मदिनी पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिर खुले झाले. आयुष्यभर भाड्याच्या थिएटरांतून प्रयोग करणाऱ्या या मालकाचे नाव अखेर एका कायमच्या नाट्यगृहाला लाभले. नाटकाचा जमाखर्च मांडणाऱ्या आजच्या निर्मात्यांनी या दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्यात: खर्चाला लगाम नसेल तर कीर्तीही कंपनी तारत नाही, आणि प्रेक्षकाला अस्सल ते देण्याचा ध्यास नसेल तर शंभर वर्षांनी आठवण काढायलाही कोणी उरत नाही.