बाद झाला ब्राऊन, बदनाम झाले मांकड!

गल्लीतल्या मॅचमध्ये हा सीन तुम्ही नक्की पाहिला असेल. बॉलर रन-अप घेतोय आणि नॉनस्ट्रायकर चेंडू सुटायच्या आधीच दोन पावलं पुढे. बॉलरने थांबून बेल्स उडवल्या की लगेच आरडाओरडा सुरू : चीटिंग, चीटिंग! आता सांगा, नियम नेमका मोडला कोणी?

या बाद होण्याला वर्षानुवर्षं 'मांकडिंग' म्हटलं गेलं. ज्यांचं नाव असं चिकटलं, ते विनू मांकड तुम्हाला किती माहीत आहेत?

जन्म १२ एप्रिल १९१७, जामनगरचा. उजव्या हाताने बॅटिंग, डाव्या हाताने फिरकी. १९४७-४८ मध्ये लाला अमरनाथ यांच्या कप्तानीखाली भारतीय संघ ऑस्ट्रेलियाला गेला. स्वतंत्र भारताचा हा पहिलाच दौरा आणि समोर डॉन ब्रॅडमन यांचा संघ. नोव्हेंबरमध्ये सिडनीच्या सराव सामन्यात बिल ब्राऊन चेंडू पडायच्या आत क्रीज सोडत होते. मांकड यांनी आधी ताकीद दिली. तरीही ब्राऊन पुढे सरकलेच, मग मांकड यांनी त्यांना धावचीत केलं. पुढच्याच महिन्यात, १३ डिसेंबरला सिडनीलाच दुसऱ्या कसोटीत पुन्हा तेच. तोच फलंदाज, तीच चूक, तीच शिक्षा.

झालं! ऑस्ट्रेलियातल्या काही वर्तमानपत्रांनी मांकड यांच्या खिलाडूवृत्तीवरच प्रश्नचिन्ह लावलं आणि त्यांच्या आडनावाचं क्रियापद करून टाकलं. गंमत बघा, खुद्द ब्रॅडमन मात्र मांकड यांच्या बाजूने उभे राहिले. नियम स्पष्ट आहे, मग गोलंदाजाला दोष का, असं त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात मांडलं. ब्राऊन यांनीही मनात राग धरला नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांची तक्रार नव्हती, तरी शिक्का पुसला गेला नाही.

आता दुसरं उदाहरण घ्या. १९३२-३३ मध्ये इंग्लंडचा कप्तान डग्लस जार्डिन याने फलंदाजांच्या अंगावर वेगवान मारा करायला लावला. त्या प्रकाराला 'बॉडीलाइन' म्हणतात, 'जार्डिनिंग' नाही. फलंदाजाच्या कानाशी जाऊन त्याच्या घरच्यांचा उद्धार केला, तर त्याला आजही स्लेजिंग म्हणतात, 'खेळाचा भाग' म्हणून सोडूनही देतात. आणि नियमात बसणारी विकेट मात्र खेळभावनेच्या विरुद्ध! हा दुटप्पीपणा नाही तर काय?

दुटप्पीपणा फक्त परक्यांचाच होता असं समजू नका. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्याआधी मांकड यांना संघात जागा मिळेल अशी खात्री आपल्याच निवड समितीने दिली नाही. ते लँकेशायर लीगमध्ये हॅसलिंगडन क्लबकडून खेळायला गेले. पहिल्या कसोटीत लीड्सला भारताची दुसऱ्या डावात शून्यावर चार बाद अशी अवस्था झाली, तेव्हा मंडळींना मांकड आठवले. क्लबकडे विनंती करून त्यांना लॉर्ड्सच्या कसोटीसाठी सोडवून आणलं.

त्यांनी काय केलं? पहिल्या डावात ७२ धावा. मग ७३ षटकं गोलंदाजी आणि पाच बळी. मग लगेच दुसऱ्या डावात १८४! शेवटी आणखी २४ षटकं. म्हणजे एका कसोटीत २५६ धावा आणि ९७ षटकं. भारत हरला, पण आजही लोक ती 'मांकडची कसोटी' म्हणूनच ओळखतात.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, त्यात मांकड यांचे १२ बळी. १९५६ मध्ये मद्रासलाच न्यूझीलंडविरुद्ध २३१ धावा आणि पंकज रॉय यांच्याबरोबर ४१३ ची सलामी. हा विक्रम २००८ पर्यंत टिकला, म्हणजे ५२ वर्षं! ४४ कसोटींत २१०९ धावा आणि १६२ बळी. २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वानखेडे स्टेडियमजवळच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, १९ वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय एकदिवसीय स्पर्धेलाही आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला असंच बाद केलं आणि तोच जुना गदारोळ उठला. आठवड्याभरात, १ ऑक्टोबरपासून नियमांच्या पुस्तकात हा प्रकार 'अनफेअर प्ले'मधून काढून सरळ 'रन-आउट'मध्ये गेला. मांकड यांना जाऊन तेव्हा ४४ वर्षं झाली होती.

तेव्हा कॉलेजच्या मॅचमध्ये पुढच्या वेळी असं कोणी बाद झालं, तर त्याला रन-आउट म्हणा. आणि मांकड हे नाव घ्यायचंच असेल, तर त्या ९७ षटकांसाठी घ्या.