वेळेचा हिशेब मागणारे लोखंडे

माझा थोरला भाऊ पेठला, पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या एका गॅरेजात मेकॅनिक आहे. त्याला पगार नाही, कामावर मजुरी आहे. क्लचप्लेट बदलली की ठरलेले पैसे, गिअरबॉक्स उतरवून चढवला की ठरलेले पैसे. त्या कामाला तीन तास लागोत, की गंजलेला बोल्ट मध्येच तुटल्यामुळे सात तास लागोत, आकडा तोच. सुटा भाग पुण्याहून यायचा असला तर तो येईपर्यंत बसून राहायचे. त्या वेळेचे काही मिळत नाही. मागच्या पावसाळ्यात एकदा दादा रात्री अडीच वाजता घरी आला. मी त्याला ओव्हरटाइम किती मिळाला म्हणून विचारले. तो हसला आणि जेवायला बसला.

ओव्हरटाइम हा शब्द मी वर्गात शिकलो होतो. मग दादाला तो का नाही, याचा शोध घेत मी ग्रंथालयात बसू लागलो आणि तिथे मला नारायण मेघाजी लोखंडे भेटले. रविवारची सुट्टी मिळवून देणारे लोखंडे एवढी एक ओळ मला माहीत होती. त्यांचे घराणे मूळचे कन्हेरसरचे, म्हणजे आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातले, हे मात्र ठाऊक नव्हते. इतक्या जवळचा माणूस आणि आपल्याला एक ओळच माहीत, याची लाज वाटली.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्याला एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. घरच्या परिस्थितीमुळे त्यांना नोकरी धरावी लागली. प्रथम रेल्वे-टपाल खात्यात आणि नंतर मुंबईच्या मांडवी भागातील एका कापड गिरणीत भांडारपाल म्हणून त्यांनी काम केले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही भांडारपालाची नोकरी होय. सामान किती आले, किती गेले याची वही ठेवणाऱ्या माणसाला रोज डोळ्यांसमोर दिसत असणार, की गिरणीत सुताचा हिशेब आहे, कोळशाचा आहे, तेलाचा आहे. माणसाच्या वेळेचा तेवढा नाही.

त्या काळच्या गिरणीची कल्पना आज येणे कठीण आहे. काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठे. दुपारी भाकर खायला धड सुट्टी नसे. पगार महिना-दोन महिने मागे ठेवीत, म्हणजे माणूस गिरणी सोडून जाऊ शकत नसे. विणकर खात्यात तर मजुरी कामावरच होती. जेवढे कापड उतरेल तेवढे पैसे. सूत तुटके आले, साचा बिघडला, तर विणकराचा दिवस फुकट. हे वाचताना मला वारंवार दादाचे गॅरेज आठवत होते. कामावर मजुरी असली की वेळ वाया गेल्याचा सगळा तोटा मजुराच्या अंगावर पडतो आणि मालकाला घड्याळाकडे पाहण्याचे कारणच उरत नाही.

लोखंडे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. आपल्या भागालाही हा विचार परका नव्हता. जुन्नर तालुक्यात ओतूरला डुंबरे पाटील मंडळी याच मार्गाने चालली होती. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्याला ‘दीनबंधु’ हे पत्र काढले होते. ते आर्थिक अडचणीत आल्यावर १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईला नेऊन चालवायला घेतले. गिरणीतल्या माणसाच्या हाती वर्तमानपत्र आले.

पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, सरकारने पहिला कारखाना कायदा केला. तो मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांखालील मुलाला कामावर घ्यायचे नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, एवढेच. तेही शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यात. मोठ्या माणसांबद्दल अक्षर नाही. असा कायदा व्हावा म्हणून विलायतेत लँकेशायरच्या गिरणीमालकांचाही दबाव होता, कारण मुंबईचे स्वस्त कापड त्यांना जड जात होते. त्यामुळे आपल्याकडील बरीच देशभक्त वर्तमानपत्रे या कायद्यांच्या विरुद्ध होती. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. पण त्या भांडणात मजुराला काय हवे हे कोणी विचारले नाही. लोखंडे यांनी ते विचारले.

१८८४ मध्ये सरकारने पुन्हा चौकशी समिती नेमली, तेव्हा त्यांनी सप्टेंबर महिन्यात परळला सुपारीबागेत कामगारांच्या सभा भरवल्या आणि ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संस्था उभी केली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. अर्जातील मागण्या मी वहीत उतरवून घेतल्या आहेत. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखम झाली तर बरे होईपर्यंत पगार चालू राहावा आणि कायमचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची सोय व्हावी.

यात मजुरी वाढवून मागितलेली नाही. पहिल्या वाचनाला मला हे चमत्कारिक वाटले. मग ध्यानात आले की पहिल्या तीन मागण्या वेळेच्या आहेत. दिवस कुठे संपतो हे ठरल्याशिवाय जादा काम ही वस्तूच जन्माला येत नाही. साडेसहा ते सूर्यास्त ही रेघ आधी मारली, तरच रेघेपलीकडच्या तासाचे दाम पुढे कोणी मागू शकतो.

अर्जाचे लगेच काही झाले नाही. काही अभ्यासक असोसिएशनला खरी कामगार संघटना मानत नाहीत. तिला सभासद नव्हते, निधी नव्हता, नियम नव्हते असे ते दाखवून देतात. ते खरेही आहे. पण संपाचा हक्क कायद्याच्या पुस्तकात नसताना एका भांडारपालाने सह्यांची मोहीम चालवावी, हे मला थोडे वाटत नाही.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्यांची नावे मला कुठे सापडली नाहीत. सुट्टीचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. त्याच वर्षीच्या सरकारी चौकशी मंडळावर मुंबईच्या वतीने लोखंडे यांना घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली, बायकांचे काम अकरा तासांवर आले, आणि कायदा पन्नास माणसांच्या कारखान्यालाही लागू झाला. पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा आली नाही.

त्यांची इतर कामेही थोडी नाहीत. विधवांचे केशवपन करायचे नाही म्हणून मुंबईतील न्हाव्यांना त्यांनी एकत्र आणले. १८९३ च्या हिंदु-मुसलमान दंगलीनंतर सलोख्यासाठी खटपट केली. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर केले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ज्यांना गाव गाठता आले ते पळाले. लोखंडे वस्त्यांमध्ये रोग्यांची व्यवस्था पाहत राहिले, त्यांनाही प्लेग झाला, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते वारले. वय पन्नासच्या आत. २००५ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले.

त्यांनी मारलेली रेघ पुढे कशी सरकली हे सांगितल्याशिवाय मला थांबवत नाही. गिरणीतील पुरुषाला बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने मिळाली. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला साठ तास ठरले आणि त्यापुढच्या तासाला सव्वापट मजुरी आली. १९४८ च्या कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवले आणि जादा तासाचा दर दुप्पट केला. त्याच कायद्यात मला दादा सापडला. कामावर मजुरी असलेल्याचा तासाचा दर कसा काढावा हेही तिथे लिहिले होते: आधीच्या महिन्यात तेच काम करून त्याने पडलेली रोजची सरासरी कमाई हाच त्याचा नेहमीचा दर धरायचा. समजा ती सरासरी नऊ तासांना साडेचारशे रुपये पडली, तर तास पन्नासाचा आणि जादा तास शंभराचा. दुरुस्तीचे कामही त्या कायद्याने कारखान्याच्या कामात धरले होते.

पण एक अट होती. यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागी किमान दहा माणसे हवीत. १८८१ ला शंभर, १८९१ ला पन्नास, १९२२ ला वीस, १९४८ ला दहा, असा हा आकडा खाली येत गेला. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या कामगार संहितेत जादा कामाला दुप्पट दर कायम ठेवला, पण कारखान्यासाठी माणसांचा आकडा पुन्हा वीस केला. हे उलटे पाऊल का टाकले, याचे मला पटेल असे उत्तर अजून मिळालेले नाही. दादाच्या गॅरेजात मालक धरून पाच माणसे आहेत.

मी हे सगळे दादाला सांगितले. त्याच्याजवळ एक वही असते. तीत गाडीचा नंबर, काम आणि पैसे एवढेच असते. मी त्याला त्यात सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ लिहायला सांगितले. त्याने पहिले आठ दिवस लिहिली. नंतर हात ग्रीसने भरलेले असतात म्हणून राहून गेले. त्या आठ दिवसांची बेरीज मी केली आहे. ती एक्क्याण्णव तास भरली, आणि त्यात रविवारही होता.