विश्लेषण : जिवंत पेशीतले कॅल्शियम ‘दिसते’ कसे? स्टोक्स यांच्या क्विनाइनशी त्याचा काय संबंध?

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला स्नायूपेशींतील कॅल्शियम आयन क्षणभर वाढतात आणि लगेच कमी होतात. ही चढउतार आज सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते, ती चमकणाऱ्या रसायनांमुळे. त्यांची गोष्ट सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांच्यापासून सुरू होते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे नाव भेटते नेव्हिअर-स्टोक्स समीकरणात, आणि बहुतेकांची ओळख पेपर संपला की संपते.

स्टोक्स यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजी आयर्लंडमधील स्क्रीन येथे, एका धर्मगुरूच्या घरी झाला. १८४१ मध्ये ते केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिले आले. १८४९ मध्ये, एकेकाळी न्यूटन यांनी भूषवलेले ल्युकेशियन प्राध्यापकपद त्यांना मिळाले. ते मृत्यूपर्यंत त्यांच्याकडेच होते.

१८५२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग साधा होता. सूर्यप्रकाश लोलकातून सोडून त्यांनी क्विनाइनच्या द्रावणाची नळी रंगपट्ट्यात सरकवत नेली. लाल, पिवळ्या, हिरव्या रंगात काहीच घडले नाही. जांभळ्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना अंधारच दिसतो, तिथे द्रावण निळे उजळले! म्हणजे पदार्थ अदृश्य अतिनील किरण शोषतो आणि जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतो. फ्लुओरस्पार खनिजावरून त्यांनी याला ‘फ्लोरेसन्स’ (प्रतिदीप्ती) नाव दिले. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या प्रकाशातला हा फरक म्हणजे ‘स्टोक्स शिफ्ट’. फरक असल्यामुळेच मूळ प्रकाश फिल्टरने अडवून फक्त चमक पाहता येते. हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की क्विनाइनची चमक मावळते, हेही त्यांनी नोंदवले. द्रावणात काय मिसळले आहे, हे चमक सांगू शकते, याची ही खूण होती.

ते स्वतः मात्र या वाटेने फार पुढे गेले नाहीत. १८५४ पासून तब्बल ३१ वर्षे ते रॉयल सोसायटीचे सचिव होते. इतरांचे शोधनिबंध तपासण्यात त्यांचा बराच वेळ गेला आणि स्वतःचे संशोधन मागे पडले. धातू ओळखण्याचे पाऊल १८६७ मध्ये फ्रिडरिश गोपेल्सरोडर यांनी टाकले : मोरिन हे वनस्पतिजन्य रंगद्रव्य ॲल्युमिनियमला चिकटले की हिरवे चमकते. स्टोक्स यांचे निधन १ फेब्रुवारी १९०३ रोजी झाले.

पुढे १९८० च्या सुमारास केंब्रिजमध्येच रॉजर त्सिएन यांनी ‘क्विन-२’ हा रेणू तयार केला. त्याचा एक भाग चिमट्यासारखा कॅल्शियम पकडतो, पण पेशीत त्याहून कितीतरी जास्त असलेल्या मॅग्नेशियमला सहसा दाद देत नाही. कॅल्शियम पकडले की चमक वाढते. चमकणारा भाग मेथॉक्सीक्विनोलिनचा. क्विनाइनच्या निळ्या उजेडामागेही हीच रचना आहे.