विश्लेषण : गाणे पाहणारा नाचू का लागतो? भगवानदादांच्या साध्या ठेक्याची गोष्ट

जळगाव-धुळ्यात लग्नाची हळद असो, गणपती विसर्जन असो की कानबाईची मिरवणूक; वाजंत्री सुरू झाली की एखादा तरी माणूस कोपरात हात दुमडून, खांदे हलवत, कंबर हलकेच डोलवत पुढे सरकतो. तो नाच शिकलेला नसतो, तरी ठेका चुकत नाही. नाचाची ही पद्धत हिंदी पडद्यावर लोकप्रिय केली मास्टर भगवान, म्हणजेच भगवानदादा यांनी. आज अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ शेतात, गल्लीत चित्रित होतात आणि यूट्यूबवरून घरोघरी पोहोचतात. गाणे डोळ्यांना का धरून ठेवते आणि त्यात नाचाचा वाटा किती, याची बरीच उत्तरे भगवानदादांच्या आयुष्यात सापडतात.

कोण होते भगवानदादा?

त्यांचे पूर्ण नाव भगवान आबाजी पालव. जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीत. वडील मुंबईत गिरणी कामगार, त्यामुळे भगवानदादा दादर-परळ भागात वाढले. काही काळ मजुरी केली, पण वेड सिनेमाचे होते. मूकपटांतील छोट्या भूमिकांपासून सुरुवात करून ते दिग्दर्शक झाले. १९३८ पासून पुढची दहा-अकरा वर्षे त्यांनी कमी खर्चाचे मारधाडपट काढले. त्यांचा प्रेक्षक प्रामुख्याने कामगारवर्ग होता. १९४२ मध्ये ते निर्माते झाले आणि १९४७ मध्ये चेंबूरला जागा घेऊन त्यांनी जागृती स्टुडिओ उभारला.

‘अलबेला’ने काय बदलले?

मारामारी सोडून कौटुंबिक चित्रपट काढावा, असा सल्ला राज कपूर यांनी त्यांना दिला. त्यातून १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक भगवानदादाच. नायिका गीता बाली. संगीत नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांचे. नायकासाठी त्यांनीच ‘चितळकर’ या नावाने आवाज दिला, सोबत लता मंगेशकर. ‘शोला जो भडके’ आणि ‘भोली सूरत’ ही गाणी देशभर गाजली. संगीत वाहिनी एमटीव्ही अमेरिकेत सुरू झाली १९८१ मध्ये. त्याच्या तीस वर्षे आधी ही गाणी लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढून पाहत होते.

त्या नाचात नेमके काय होते?

पहिली गोष्ट, हा नाच कमी जागेत होतो. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. एक पाऊल पुढे, एक मागे, बाकी काम खांदे, हात आणि कंबर करतात. म्हणून तो गर्दीच्या मिरवणुकीतही जमतो.

दुसरी गोष्ट ठेका. सी. रामचंद्र यांनी पाश्चात्त्य तालवाद्यांचा मोकळा वापर केला होता. भगवानदादांची हालचाल त्या तालावर नेमकी पडते. आवाज बंद करून पाहिले तरी ताल कुठे आहे ते कळते. गाण्याच्या व्हिडिओत नाचाचे मुख्य काम हेच : कानाला ऐकू येणारा ताल डोळ्यांना दाखवणे.

तिसरी गोष्ट चेहरा आणि शरीर. भगवानदादा ठेंगणे, भरल्या अंगाचे होते. रूढ अर्थाने देखणे नव्हते. चेहऱ्यावर मात्र नाचण्याचा आनंद स्पष्ट दिसे. समोर चपळ, खट्याळ गीता बाली. दोघांतला हा फरकच जोडीला रंगत आणतो. पाहणाऱ्याला वाटते, हे मलाही जमेल. अवघड नाचाला टाळ्या पडतात. सोपा नाच लोक घरी घेऊन जातात. पुढे अमिताभ बच्चन यांच्या नाचावरही भगवानदादांची छाप दिसली, ती याच सहजपणामुळे.

मग नुसती स्टेप पुरेशी आहे का?

नाही, आणि त्याचा पुरावाही त्यांच्याच कारकिर्दीत आहे. १९५३ मध्ये ‘झमेला’ आला. भगवानदादा, गीता बाली आणि सी. रामचंद्र पुन्हा एकत्र, पण ‘अलबेला’सारखे यश मिळाले नाही. ‘अलबेला’तला नायक गरीब घरातला, रंगभूमीचे स्वप्न पाहणारा तरुण होता. तो नाचतो तेव्हा त्या नाचामागे त्याचे आयुष्य असते. स्टेपची नक्कल करता येते, पण त्यामागचे कारण दर वेळी नव्याने शोधावे लागते. एक गाणे गाजले म्हणून तसाच दुसरा व्हिडिओ काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शेवट कसा झाला?

पुढचे चित्रपट चालले नाहीत. कर्ज वाढले. स्टुडिओ, जुहूचा बंगला, मोटारी हातून गेल्या. भगवानदादा दादरच्या चाळीत परतले आणि मिळतील त्या छोट्या भूमिका करू लागले. अनेक चित्रपटांत ते काही क्षणांसाठी येत आणि बहुतेक वेळा तीच ओळखीची स्टेप करून जात. ज्या नाचाने त्यांना मालक केले होते, त्यावर आता रोजचा खर्च भागत होता. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरमध्येच त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये मंगेश देसाई यांनी ‘एक अलबेला’ या मराठी चित्रपटात त्यांची भूमिका केली. गीता बाली साकारल्या विद्या बालन यांनी.

भगवानदादांची मालमत्ता त्यांच्या हयातीतच गेली. त्यांची स्टेप मात्र लोकांकडे राहिली, इतकी की ती करणाऱ्या अनेकांना आता त्यांचे नावही ठाऊक नसते. पुढच्या हळदीत कोणी तसा नाचला, तर ते नाव त्याला जरूर सांगा.