मांद्रेचे धन्वंतरी डॉ. भाऊ दाजी लाड

डिचोलीप्रमाणेच पेडणे हा महालही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या हाती आलेला, नव्या काबिजादींतला. या महालातील मांद्रे गावी १८२०च्या दशकात रामकृष्ण विठ्ठल लाड यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची होती. मातीच्या बाहुल्या विकून संसार चाले. मुलाची बुद्धिबळातील चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिक्षण देण्याचा आग्रह वडिलांना केला. हाच मुलगा पुढे डॉ. भाऊ दाजी लाड या नावाने विख्यात झाला.

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकून ते तेथेच अध्यापक झाले. बालहत्येच्या प्रथेवरील त्यांच्या निबंधास पारितोषिकही मिळाले. मात्र १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होताच अध्यापक झालेल्या या तरुणाने पुन्हा विद्यार्थी होणे पत्करले. शवाचा स्पर्श हा विटाळ मानणाऱ्या समाजात शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहणे सोपे नव्हते. पण देहाचे सत्य तेथेच उलगडणार होते.

ते किती अवघड असते, याची साक्ष फुप्फुसांतील रक्तप्रवाहाचा इतिहास देतो. हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून डावीकडे झिरपते, हे गेलनचे मत हजार वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानले गेले. ते रक्त फुप्फुसांतून फिरून येते, असे तेराव्या शतकात कैरोच्या इब्न अल-नफीसने मांडले. १६२८ मध्ये हार्वेने संपूर्ण रक्ताभिसरण सिद्ध केले आणि १६६१ मध्ये माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या प्रत्यक्ष पाहिल्या.

उजव्या निलयातून निघालेले काळसर रक्त फुप्फुसधमनीने या केशवाहिन्यांत येते. त्यांना लागूनच कोट्यवधी वायुकोश असतात. दोहोंमधला पडदा इतका पातळ असतो, की वायुकोशातील प्राणवायू रक्तात शिरतो आणि रक्तातील कर्बद्विप्राणिल वायू बाहेर पडतो. प्रत्येक वायू आपल्या अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जातो. त्याला ढकलणारा पंप लागत नाही. विश्रांतीच्या वेळी रक्तपेशी तेथे सेकंदाहूनही कमी काळ असते, तरी तेवढ्यात हा व्यवहार पुरा होतो. लालभडक झालेले रक्त मग फुप्फुसशिरांवाटे हृदयाच्या डाव्या बाजूस परतते. इतरत्र शुद्ध रक्त धमन्यांतून वाहते. फुप्फुसांत मात्र ते शिरांतून येते. प्राणवायू वाहून नेणाऱ्या रक्तद्रव्याला हिमोग्लोबिन हे नाव १८६४ मध्ये मिळाले. तेव्हा भाऊ दाजी मुंबईतील नामांकित डॉक्टर होते.

१८५१ मध्ये ग्रँट कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून ते पदवीधर झाले होते. मोठी प्रॅक्टिस असूनही बंधू नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांवर कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले. ऐकीव मतावर विसंबायचे नाही, स्वतः पाहून ताडून घ्यायचे, हीच त्यांची वृत्ती इतिहाससंशोधनातही दिसली. अजिंठा आणि जुनागढ येथील शिलालेखांचे त्यांनी वाचन केले. बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते, स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते होते आणि १८६९ व १८७१ अशी दोन वर्षे मुंबईचे शेरीफही होते.

३१ मे १८७४ रोजी, वयाच्या पन्नाशीच्या सुमारास त्यांचे निधन झाले. ज्याच्या उभारणीसाठी ते झटले, त्या भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. बाहुल्या विकणाऱ्या मांद्रेच्या एका घरातील मुलाचे नाव आज त्या दारावर आहे.